होळीकडून आलेली आग

२५ मार्च १९८५, सोमवार

हैदराबादहून पार्सल आलं. पुठ्ठ्याची लांब नळी, वर तीन भाषांत 'घडी घालू नये', आणि पोस्टमननं नेमकी ती सायकलच्या कॅरियरवर कचकचून आवळलेली. आतला प्रिंट सुखरूप आहे. दोन वेळा उलटसुलट करून पाहिला, मगच सही दिली.

नवी वही आजपासून. हैदराबादच्या प्रशिक्षणात एक मास्तर सांगायचे, उपग्रहाचं चित्र वाचताना रोज काय दिसलं आणि काय वाटलं ते लिहून ठेवा, नाहीतर पुढं माणूस स्वतःलाच फसवतो. ऑफिसची नोंदवही ऑफिसात. ही माझी.

काम असं आहे. खानापूरच्या पलीकडं बिरवणे गावाला लागून असलेलं जंगल या महिन्यात जळालं. शिमग्याला होळी पेटवली, ती विझवली नाही, तिचा विस्तव जंगलात गेला, असा आमच्या वनखात्याच्या ऑफिसचा आरोप. गावातल्या चार माणसांवर खटला आहे. सध्या जामिनावर बाहेर आहेत. बावीस एप्रिलला खानापूरच्या कोर्टात तारीख. किती जंगल जळालं आणि कुठून कुठवर, ते चित्रावरून काढून मी नकाशा करायचा, खाली माझी सही. शिक्षा केवढी होणार ते बरंचसं त्यावर ठरेल.

सात वर्षं झाली, मी इथं टेंपररी ट्रेसर आहे. नकाशे गिरवणं हे माझं काम. हैदराबादला सहा आठवडे जायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून मागल्या साली मला पाठवलं. आज साहेब म्हणाले, "जयाबाई, हा नकाशा कोर्टात गेला की तुमची कायम करायची फाईल मी स्वतः हलवतो. या कामाला तुमच्यासारखंच शांत माणूस हवं. उगाच प्रश्न न विचारणारं."

सात वर्षांत पहिल्यांदा कुणी कौतुक केलं. बरं वाटलं.

२७ मार्च

प्रिंट लाईट टेबलावर लावला. खाली ट्यूबलाईट, वर दुधी काच, तिच्यावर चित्र. या चित्रात खरे रंग नसतात. जिवंत झाडोरा लाल दिसतो, पाणी काळंनिळं, उघडं रान राखाडी. जळालेलं जंगल काळं, कोळशासारखं.

टायपिस्ट देवाप्पा चहा घेऊन आत आला आणि कपासकट दारातच थांबला. "आयला, जयाआक्का! पार गोव्यापतूर पेटलंय की गं सगळं!"

"तो लाल म्हणजे हिरवा रे."

"व्हय व्हय. आन् मी म्हंजे कलेक्टर."

आमचे हेड ड्राफ्ट्समन भावकू अण्णा कोपऱ्यातून पोट चोळत म्हणाले, "देवाप्पा, चहा सांडलास तर तुला बी त्या टेबलावर ठेवून ट्रेस करीन." अण्णांना निवृत्तीला आठ महिने उरलेत. रोज पोट दुखतं, रोज सोडा पितात, आणि कुठल्याच कागदावर पहिली सही करत नाहीत. अशी भित्री माणसं कशी काय हेड होतात देव जाणे.

बिरवण्याचा जळका पट्टा स्पष्ट आहे. फक्त त्याच्यावर एक फिकट निळसर फराटा आलाय, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा. प्रिंट धुताना केमिकल नीट वाहून गेलेलं दिसत नाही. हैदराबादला तक्रार टाकणार आहे. सरकारी काम म्हणून काहीही खपवतात.

२८ मार्च

ठिपक्यांची जाळी ठेवून क्षेत्र मोजलं. तीनदा. सुमारे आठशे चाळीस हेक्टर. साहेबांना आकडा आवडला.

प्रिंटच्या खाली अक्षरांची एक पट्टी असते. उपग्रह, तारीख, सूर्य किती उंच होता, असलं बारीक बारीक छापलेलं. साहेब म्हणाले, "ती कापून टाका. कोर्टाला फ्रेम करून द्यायचं, खाली कचरा नको." मी स्टीलची पट्टी धरून ब्लेडनं सरळ कापली. कडा सुंदर आली. कापलेली पट्टी साहेबांनी स्वतःच उचलून कोटाच्या खिशात टाकली. एवढे मोठे साहेब, पण टापटीप बघावी.

३० मार्च, शनिवार

जागेवर पडताळणीला बिरवण्याला गेले. जीप बंद, म्हणून खानापूरपर्यंत एस्टी, पुढं ट्रकच्या केबिनमध्ये, आणि शेवटचे दोन मैल पायी. सोबत गार्ड भीमाप्पा. जंगलाची ती बीट, म्हणजे गस्तीचा पट्टा, त्याचीच; आगीचा पहिला रिपोर्टही त्यानंच कानडीत लिहिला. मराठी समजतं, बोलायचा कंटाळा. रस्ताभर चार वाक्यं बोलला असेल.

जळालेल्या जंगलात आवाज नसतो. पायाखाली राख, सागाच्या बुंध्यांवर माणसाच्या उंचीपर्यंत काजळी. मी नदीकडची कड नकाशाशी ताडून बघत होते आणि सगळं तंतोतंत जुळत होतं. ओढ्याचं वळण, टेकडीची सोंड. सातशे किलोमीटरवरून काढलेलं चित्र आणि माझी चप्पल एकाच कडेवर! या आनंदात मी थोडी हसले असणार, कारण मागून आवाज आला, "बाई, हसण्यासारखं काय घावलं का? आमास्नी बी दावा."

ते सत्याप्पा. चार आरोपींतले पहिले. साठी ओलांडलेली, डोक्याला मळका टॉवेल. गावात होळी पेटवायचा मान त्यांच्या घराण्याचा, म्हणून खटल्यात त्यांचं नाव सगळ्यांत वर.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात जोडले नाहीत, शिवीही दिली नाही. म्हणाले, "शिमग्याच्या आधी आठ दिस हितं धूर व्हता. आमची म्हसरं ठसकत व्हती. मी सोता रेंजरला सांगाय गेलतो. 'बघू' म्हणाला. आन् शिमगा झाला तसं मलाच बघितलं."

"लेखी दिलंत का?"

"बाई, मला लिवता आलं असतं तर मी होळी कशाला पेटवली असती? हापिसात बसून लोकांस्नी पेटवलं असतं."

आरोपी असंच बोलणार. तरी वहीत लिहून ठेवते. भीमाप्पाला विचारलं, आग आली कुठून? त्यानं नदीच्या बाजूला नुसती मान उडवली आणि चालू लागला. नदीच्या वळणावर कोळशाच्या भट्ट्या होत्या. एका कंत्राटदाराच्या. आता तिथं माणूस नव्हता आणि माती नव्यानं सारवल्यासारखी होती.

२ एप्रिल

आज हसावं की कपाळावर हात मारावा कळेना.

पडताळणीचा कागद लावायला खटल्याची फाईल काढली. आत भीमाप्पाचा मूळ कानडी रिपोर्ट नव्हता, फक्त त्याचं इंग्रजी भाषांतर, देवाप्पानं टाईप केलेलं. त्यात वाक्य आहे, आग 'होली'कडून आली. खटल्याचा सगळा डोलारा या एका वाक्यावर. पण भीमाप्पा शिमग्याला होळी म्हणेल, तर ती 'कडून' कशी येईल? होळीमुळं म्हणेल, होळीनं म्हणेल.

मी निपाणीची. निम्मं बालपण कानडी शेजारात गेलं. कानडीत नदीला होळे म्हणतात, आणि आपल्या भागातल्या बोलीत होळी. त्यातला 'हो' आखूड. सणातला 'हो' लांब. कानाला फरक कळतो, इंग्रजी टाईपरायटरला कळत नाही.

देवाप्पाला विचारलं. "तू हे भाषांतर कसं केलंस?"

"वाचून कुठलं? मला कानडी वाचाय कुठं येतंय? साहेबांच्या केबिनीत रेंजरनं वाचलं, मी ऐकून टाईप केलं. होळि कडिंद बंतु. होळीकडनं आली. बरोबर हाय की!"

"अरे, ती नदी!"

त्याचा चेहरा पडला. "आता गं? चार माणसं आत जायची माझ्या कानापायी?"

मी म्हटलं, घाबरू नकोस, एका शब्दाची चूक आहे, उद्या साहेबांना सांगितलं की संपलं. खटलाच राहणार नाही.

३ एप्रिल

साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्यासाठी चहा मागवला, फाईल ठेवून घेतली. म्हणाले, "चांगलं लक्षात आणून दिलंत. आणखी कुणाला बोललात?" मी म्हटलं, देवाप्पाला. "बरं. आता बोलू नका. मी बघतो."

चित्राची तारीख विचारली. म्हणाले, एकोणीस मार्च.

४ एप्रिल

फाईल अजून साहेबांकडंच. दुरुस्ती चालू असेल. देवाप्पाची बदली डिस्पॅचला झाली, तळमजल्यावर. बिचारा, टायपिंगची चूक त्याला महागात पडली.

८ एप्रिल, सोमवार

साहेबांनी नकाशाचं शीर्षक लिहून पाठवलं: 'होळीच्या विस्तवाने जळालेले क्षेत्र. चित्र दि. १९ मार्च १९८५.' आणि तोंडी निरोप, बिरवण्यावरच्या त्या फिकट डागाच्या जागी 'ढग' असं लिहा.

म्हणजे शब्द दुरुस्त झाला नाही. मी दिवसभर स्वतःला समजावत होते की निरोप जुना असेल.

मग ढग लिहायला पेन उचललं आणि थांबले. ढगाला सावली असते. उपग्रहाच्या चित्रात प्रत्येक ढगाशेजारी त्याच आकाराचा काळा ठिपका पडतो, प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. या फराट्याला सावली नाही. भिंग लावलं. एक टोक निमुळतं, दुसरं पूर्वेकडं पसरत पसरत विरलेलं. निमुळतं टोक नेमकं नदीच्या वळणावर. भट्ट्यांवर.

हा धूर आहे. चित्र काढलं तेव्हा जंगल पेटलेलं होतं. बारा दिवस मी त्याला केमिकलचा डाग म्हणत होते. हैदराबादला तक्रारसुद्धा टाकली.

पुढचा हिशोब शाळेतल्या मुलीलाही येईल. उपग्रह आपल्यावरून सोळा दिवसांनी जातो. मार्चमध्ये तीन तारखेला गेला आणि एकोणीसला. आमच्याच रजिस्टरप्रमाणं आग नऊ मार्चला पूर्ण विझली. मग एकोणीसला धूर कुठला? चित्र तीन मार्चचं. होळी होती सहाला.

सत्याप्पांनी काडी ओढली त्याच्या तीन दिवस आधी हे जंगल जळत होतं.

आणि तारखेची पट्टी मी माझ्या हातानं कापून दिली. सुंदर कडा आली म्हणून खूश झाले. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

१० एप्रिल

साहेबांच्या केबिनमध्ये पंचवीस मिनिटं. जसं आठवतं तसं.

मी: "शीर्षक लिहिणार नाही. ढगही लिहिणार नाही. तो धूर आहे."

साहेब: "जयाबाई, तुम्ही ट्रेसर आहात. ट्रेसर म्हणजे काय? खालची रेघ वर गिरवणं."

मी: "तेच करते. खाली धूर आहे, वर धूर काढीन."

साहेब: "त्या भट्ट्यांचा परवाना संपलेला होता. ते बाहेर आलं तर किती जणांच्या नोकऱ्या जातील, माहीत आहे? आणि या चौघांना होऊन होऊन काय होणार? चार-सहा महिने."

मी: "पावसाळा धरून चार-सहा महिने साहेब. त्यांची लावणी कोण करणार?"

साहेब: "तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे."

मी: "टेबल तुमचं. नकाशा माझा."

हे बोलले खरं. बाहेर आल्यावर स्टुलावर बसून पाणी मागितलं. पाणी भावकू अण्णांनी दिलं. थोड्या वेळानं साहेबांनी त्यांना आत बोलावलं. त्यांनी सही करायची असं ठरलेलं दिसतं, कारण बाहेर आले ते थेट रजेचा अर्ज लिहायला. पोट फारच दुखतंय म्हणे, दवाखान्यात दाखल व्हावं लागेल. दोन आठवडे. मला एकटीला सोडून पळाले. वाटलंच होतं.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. सकाळी पंचशील झालं, दुपारी मिरवणूक. निळे झेंडे, लेझीम, गल्लीतल्या पोरी पांढऱ्या साड्यांत. मी मिरवणुकीत चालले आणि सगळा वेळ फाईलचा विचार करत होते. लाज वाटली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं होती. अजून तिच्या खोकल्याला तंबाखूचा वास येतो.

मी म्हटलं, "आई, सात वर्षं वाट बघितली. आता कायम झाले असते. धूर काढला नाही तर कोर्टाला काय कळणार? कुणी विचारणारसुद्धा नाही."

आई तांदूळ निवडत होती. "वखारीत मालक कागद पुढं करायचा, मी अंगठा उठवायची. काय लिवलंय ते ठावं नसायचं. त्यात कितींदा माझंच गेलं, एकदोनदा दुसऱ्या बायांचं बी गेलं माझ्या अंगठ्यानं. पर मला वाचाय येत न्हवतं, हे मी सांगू शकत व्हते. तू काय सांगणार?"

मी तिच्या सुपातला एक खडा उचलून टाकला.

"आन् हे बघ," आई म्हणाली, "रडायचं आसंल तर आज रड. कोर्टात न्हाय. तिथं रडलीस तर मी उठून मागनं धपाटा घालीन."

"तू येणार आहेस कोर्टात?"

"मग? फुकटात बघाय मिळतंय."

१९ एप्रिल

साहेबांनी नमतं घेतलं. शीर्षक नको, तारीख नको, नुसतं क्षेत्र द्या, आणि विचारतील तेवढंच बोला. दुसरं कुणी सही करायला उरलेलं नाही, म्हणून असेल. मी हो म्हटलं. विचारतील तेवढंच बोलेन. पण नकाशाला सूची लागतेच, कुठली खूण कशाची ते सांगणारी. ती ट्रेसरनं करायची असते, साहेबांनी नाही.

भावकू अण्णा रजेवर असूनही दुपारी येऊन गेले. सोड्याची बाटली घ्यायला आलो म्हणाले. चांगले हिंडत-फिरत होते, दाखल झालेला माणूस असा दिसतो? मी तोंड फिरवून घेतलं. जाताना आपली कापडी पिशवी माझ्या लाईट टेबलावर विसरले. परत द्यायला हाक मारली, तर जिना उतरताना वळूनही बघितलं नाही. बहिरेही झालेत. पिशवीत काय आहे ते बघितलं, म्हणजे पत्ता असेल तर पाठवता येईल. रिकामी. तळाला फक्त एक घडी घातलेला कागद. भीमाप्पाच्या कानडी रिपोर्टाची कार्बन प्रत.

म्हातारा विसरभोळा झालाय हे बरंच झालं. मूळ रिपोर्ट फाईलमधून कधीच नाहीसा झालाय.

२२ एप्रिल, सोमवार

कोर्ट. आहे तसं लिहिते.

खोली छोटी, पंखा एक, तोही मॅजिस्ट्रेटांच्या डोक्यावर. ते धारवाडकडचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. चौघे आरोपी भिंतीला टेकून उभे. आई मागच्या बाकावर, गावातल्या बायकांत अशी बसलेली जशी काय बिरवण्यातच जन्मली.

सरकारी वकिलांनी नकाशा पुढं केला. जळालेलं क्षेत्र किती? सांगितलं. सही तुमची? माझीच. आरोपींच्या वकिलांना काही विचारायचं आहे का? ते बिचारे नकाशा उलटा धरून बघत होते. नाही म्हणाले. झालं, संपलं. साहेबांनी रुमालानं मान पुसली.

पण मॅजिस्ट्रेटांनी चष्मा खाली घेतला होता आणि ते सूची वाचत होते. "काळा रंग, जळालेलं जंगल. तांबडा रंग, शाबूत जंगल. ठिपके, धूर." थांबले. "धूर कसला?"

"आगीचा."

"चित्र काढलं तेव्हा आग चालू होती?"

"होय साहेब."

"कुठल्या तारखेचं चित्र?"

सरकारी वकील उठून म्हणाले, एकोणीस मार्चचं. मॅजिस्ट्रेटांनी रजिस्टर उघडलं. बोट फिरवलं. "आग नऊ तारखेला विझली असं तुमचाच रेंजर लिहितो. मग दहा दिवसांनी धूर? राखेला आठवण आली काय?"

लोक हसले. मग सगळं विचारलंच त्यांनी, आणि मी विचारलं तेवढंच बोलले. सोळा दिवसांची फेरी. तीन मार्च आणि एकोणीस मार्च. धुराचं टोक नदीच्या वळणावर.

सरकारी वकील चिडले. "चित्रावर तारीख छापलेली असते ना? तुम्ही ती पाहिलीत?"

"नाही. पाहण्याआधी कापली."

"कुणी?"

"मी. ब्लेडनं."

"का?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून. ते म्हणाले कचरा आहे. मी विचारलं नाही. सात वर्षांत मी कधीच काही विचारलं नव्हतं, म्हणून मला ते काम दिलं होतं."

हे शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलेलं नव्हतं. बोलताना मलाच पहिल्यांदा कळलं.

साहेबांकडं बघितलं नाही. कार्बन प्रत पुढं ठेवली. मॅजिस्ट्रेटांनी ती मोठ्यानं वाचली, "होळि कडिंद बंतु," आणि इंग्रजी भाषांतर शेजारी धरलं. दोन्ही कागदांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग भीमाप्पाला पुढं बोलावलं.

"याव होळि रि इदु?" कुठली होळी ही?

भीमाप्पाचा घाम गणवेशाच्या पाठीतून बाहेर आला होता. त्यानं साहेबांकडं बघितलं. मग रेंजरकडं. मग आपल्या बुटांकडं. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता बुडवणार. आणि तो इतक्या हळू बोलला की कारकुनाला पुन्हा विचारावं लागलं.

"नीरिन होळि, स्वामी."

पाण्याची होळी.

सगळं कोर्ट हसलं. सत्याप्पा मात्र हसले नाहीत. भिंतीशी उभ्या उभ्याच म्हणाले, "म्हंजे पाण्याची होळी पेटवली म्हणून चार येळा कोर्टात आणलं व्हय आमास्नी?"

मॅजिस्ट्रेटांनी त्यांना गप्प बसा म्हटलं, पण जोरात नाही. अखंड पट्टीसह नवा प्रिंट हैदराबादहून मागवून पुढच्या तारखेला हजर करा, असा हुकूम झाला. पुढची तारीख सहा मे.

बाहेर आईनं माझ्या पाठीवर धपाटा घातलाच. "रडले नाही ना?" मी म्हटलं. "म्हणून हळू घातला," आई म्हणाली.

२९ एप्रिल

भावकू अण्णा कामावर रुजू. पिशवी परत दिली. म्हणाले, "आयला, हितं राहिली व्हय? मी घरभर शोधली." मी सुनावलं, तुम्ही त्या दिवशी सही करायला नसलात तरी निदान धीर द्यायला कोर्टात यायचं होतं. त्यांनी सोडा ओतला, पूर्ण पिऊन संपवला आणि म्हणाले, "व्हय गं पोरी, चुकलंच माझं."

जास्त बोलले का मी? बोलले तर बोलले.

६ मे

नवा प्रिंट हजर झाला नाही. त्याऐवजी सरकारी वकिलांनी अर्ज दिला, पुरेशा पुराव्याअभावी खटला मागं घेत आहोत. दोन मिनिटांत चौघे मोकळे. कंत्राटदाराचं नावही निघालं नाही. भट्ट्यांचं नाव नाही. पट्टीचं नाव नाही. जसं काय जंगल आपण होऊन जळालं आणि आपण होऊन विझलं.

मला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की ते सगळीकडं पसरतं. तसं नसतं. खरं जिथं ठेवाल तिथंच राहतं. पुढं ढकलायला माणूस लागतं.

८ मे

ऑर्डर हातात आली. ३१ मेनंतर माझी मुदत वाढवणार नाहीत. कारण: काम शिल्लक नाही. साहेबांनी ऑर्डर शिपायाकरवी पाठवली, स्वतः दिली नाही. एवढं तरी कमावलं.

काम कसं शिल्लक नाही? नदीच्या वळणावर आगीचं मूळ दाखवणारा नकाशा अजून झालेला नाही. तो मी आज सुरू केला.

१२ मे, रविवार

नकाशा काल पुरा झाला. अमोनियाच्या यंत्रातून तीन प्रती काढल्या, डोळे अजून चुरचुरतायत. शीर्षक कानडी, मराठी आणि इंग्रजीत: 'बिरवणे आग. ३ मार्च १९८५ पूर्वी सुरू. मूळ ठिकाण नदीकाठ, कोळशाच्या भट्ट्या.' खाली माझं पूर्ण नाव. एक प्रत कोर्टाच्या टपालात, एक ऑफिसच्या आवक नोंदवहीत. देवाप्पानं तळमजल्यावर शिक्का इतका जोरात मारला की कागद फाटता फाटता वाचला. "आता नंबर पडला, आक्का. आता ह्यो गिळाय येत न्हाय कुणाला."

तिसरी प्रत घेऊन आज बिरवण्याला गेले. भीमाप्पा खानापूरच्या स्टँडवर उभाच होता, कुणी कळवलं कोण जाणे. या खेपेला रस्ताभर बोलत होता, तेही मराठीत.

देवळाच्या ओट्यावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड. सगळं गाव वाकलं. सत्याप्पांनी नदी ओळखली, टेकडी ओळखली, भट्ट्यांवर बोट ठेवून एक अस्सल शिवी हासडली. मग बोट फिरत फिरत थांबलं.

"आमचं गाव कुठं हाय ह्यात?"

मी सांगितलं, उपग्रहाला इतकं लहान गाव वेगळं दिसत नाही. आणि ऑफिसच्या मूळ नकाशातही बिरवण्याचं नाव नाही. तिथं सगळं राखीव जंगल दाखवलंय. मी तोच नकाशा खाली धरून गिरवला.

सत्याप्पांनी बोट उचलून घेतलं. "वरनं गावच दिसत न्हाय. कागदावर बी गाव न्हाय. मग आग लावाय आमी बरं सापडलो ह्यास्नी!"

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. ट्रेसर म्हणजे खालची रेघ वर गिरवणं. जी रेघ खाली नाहीच, ती सात वर्षांत मी एकदाही काढलेली नव्हती.

पिशवीतून पेन काढलं. सत्याप्पांना म्हटलं, बोटानं दाखवा. त्यांनी ओढा दाखवला, देऊळ दाखवलं, वरची आळी, खालची आळी. एक म्हातारी म्हणाली, आमचं घर जरा बाजूला हाय, ते बी घे गं बाई. तेही घेतलं. सत्तेचाळीस घरं. शेवटी नाव लिहिलं, तिन्ही लिप्यांत, ठळक.

एकतीस तारखेपर्यंत ऑफिसची किल्ली माझ्याकडं आहे. ऑफिसच्या त्या मूळ नकाशाची फिल्मही तिथंच आहे, सगळ्या प्रती तिच्यावरूनच निघतात. उद्या सकाळी तिच्यावर ही सत्तेचाळीस घरं काढणार.